भरतेशअण्णांचा वळसा

यंत्राला हळदीकुंकू लावायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ‘सावरण’ हे आमचं मिरजेतलं व्यसनमुक्ती केंद्र. इथं नवीन फ्रीज आला तरी नारळ फुटतो, तर सरकारच्या व्यसनमुक्ती मंडळाकडून आलेला धारणामापक कसा सुटणार? स्वयंपाकघरातल्या शेवंताबाईंनी यंत्राच्या टोपीवर कुंकवाची दोन बोटं ओढली, नारळ फुटला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. संचालिका डॉ. आठल्ये पुण्याच्या. त्यांना हे प्रकार रुचत नाहीत, पण पाहुण्यांपुढं त्यांनी ते चालू दिलं. मग मी म्हणाले, “पहिला मान अण्णांचा.” हे मात्र माझंच. ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी अस्मिता वायदंडे, केंद्रातली तंत्रज्ञ. ती टोपी लोकांच्या डोक्यावर बसवायची, आकडा वाचायचा, फाइलला लावायचा, हे माझं काम. टोपीचं खरं नाव लांबलचक आहे. आम्ही तिला टोपडं म्हणतो, कारण तिचे बंद हनुवटीखाली बांधावे लागतात आणि मिशाळ माणूससुद्धा तिच्यात पाळण्यातल्या बाळासारखा दिसतो.

भरतेशअण्णा हसतहसत खुर्चीत बसले. बावीस वर्षं नशेला न शिवलेला माणूस, आमच्या केंद्राचा सगळ्यात जुना समुपदेशक. यांचा आकडा पाच येतोय की सात, एवढीच उत्सुकता होती. पाहुण्यांना दिसावा म्हणून मी भिंतीवर मोठा पडदा लावला होता. बारा मिनिटांनी त्यावर लाल अक्षरांत एक्क्याण्णव उमटला.

शून्य म्हणजे उत्तम आणि शंभर म्हणजे कठीण, हे दोनच मिनिटांपूर्वी मी पाहुण्यांना समजावून सांगितलं होतं.

“कुंकवामुळं झालं असेल,” शेवंताबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. मी बाटली काढली आणि टोपडं स्पिरिटनं पुसायला लागले, तसे अण्णा उठले आणि लांबच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. वास उडाल्यावर परत आले. दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याऐंशी आला. त्याच दुपारी, भरती होऊन नऊ दिवस झालेल्या एका ट्रकड्रायव्हरला बावन्न मिळाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आम्ही डोकं दाखवून करून घेतलं.

अण्णांविषयी सांगायला हवं. भरतेश मगदूम मूळचे जयसिंगपूरकडचे जैन. घरात कांदा-लसूण नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि हा पठ्ठ्या तिशीत इंजेक्शनच्या नादाला लागला. एका खासगी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. ऑपरेशन झालेल्या रोग्याला वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं की अँप्यूलमध्ये थोडं उरायचं. नियमाप्रमाणे ते ओतून टाकायचं. पहिल्यांदा पाठ दुखत होती म्हणून त्यांनी ते ओतलं नाही. पुढची चार वर्षं त्यांना आठवत नाहीत, त्यांच्या बायकोला, त्रिशलावहिनींना, मात्र तारीखवार आठवतात.

दारुड्याला दारूचं दुकान टाळता येतं. मिरजेत औषधाचं दुकान टाळून दाखवा. हे गाव डॉक्टरांचं. अण्णांच्या घरापासून केंद्रापर्यंत सरळ रस्त्यानं अकरा मिनिटं लागतात आणि वाटेत सत्तावीस मेडिकल आणि नऊ दवाखाने आहेत. म्हणून बावीस वर्षं अण्णा घराबाहेर पडले की उजवीकडं वळायचे, रेल्वे क्वार्टर्सच्या मागून, सतारमेकर गल्लीतून, सतारीचे भोपळे वाळत टाकलेल्या अंगणांजवळून पस्तीस मिनिटं चालत यायचे. बिनड्रायव्हरच्या रिक्षा आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, आता कशाला पायपीट. तर म्हणाले, “ती रिक्षा सगळ्यात जवळच्या रस्त्यानंच नेते. तिला वळसा सांगता येत नाही.”

सकाळच्या बैठकीत ते नेहमी एकच वाक्य बोलून सुरुवात करायचे. “मी भरतेश मगदूम. आज सकाळीही मी कच्चाच आहे.” माझा बाप याच बैठकीत बसून दारूतून सुटला आणि शेवटची सहा वर्षं माणसासारखा जगून गेला. त्यामुळं अण्णांचा शब्द माझ्यासाठी काय होता हे वेगळं सांगायला नको.

आता यंत्राचं. मोजतं काय हे टोपडं? पूर्वी आम्ही कागदावर प्रश्नावली द्यायचो. ‘तलफ आली की ती आवरणं माझ्या हातात नसतं.’ ‘औषध समोर असेल तर माझा स्वतःवर भरवसा नाही.’ अशी चाळीस वाक्यं, आणि पुढं खूण करायची, पूर्ण पटतं, थोडं पटतं, पटत नाही. तलफेविषयी माणसाची जी समजूत असते तिच्यावर तो पुन्हा घसरणार की नाही हे बऱ्यापैकी ठरतं, हे जुनंच ज्ञान आहे. ज्याला वाटतं की तलफ म्हणजे पूर, आपण काय करणार, तो हातपाय मारत नाही. अडचण एवढीच की माणसं डॉक्टरांना आवडेल तिथं खूण करतात. आमच्याकडचे तर भरती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी संत झालेले असतात.

टोपडं खुणेची वाट बघत नाही. मी तुम्हाला म्हटलं, ‘सकाळी उठून मी चहात मीठ घातलं’, तर ‘मीठ’ शब्दाला तुमचा मेंदू ठेचकाळतो. सेकंदाच्या अर्ध्याहून कमी वेळात, तुम्ही काही ठरवायच्या आत. जे वाक्य आपल्या समजुतीत बसत नाही त्याला मेंदू अडखळतो आणि जे बसतं त्यावरून सुळकन पुढं जातो. त्या अडखळण्याची लाट कवटीच्या बाहेरून मोजता येते. चाळीस वाक्यं उलटसुलट करून कानात ऐकवायची, प्रत्येकाला मेंदू किती अडखळला ते बघायचं आणि त्यातून एक आकडा काढायचा. त्याला धारणांक म्हणतात. इथं लबाडी चालत नाही.

‘औषध समोर असेल तर माझा स्वतःवर भरवसा नाही’ या वाक्याला अण्णांचा मेंदू तसूभरही अडखळला नव्हता.

चार दिवसांनी आठल्ये मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांनी अण्णांना आधी चहा दिला.

“अण्णा, मंडळाचा नियम आहे. रोग्यांशी बोलणाऱ्या माणसाचा धारणांक चाळीसच्या आत हवा. हजारो लोकांवर तपासून ठरवलेली मर्यादा आहे ही. मी बदलू शकत नाही.”

“मग मी भांडारात बसतो. साबण, चादरी वाटीन.”

“त्याची गरज नाही. सुधारणेचा कोर्स आहे. चौदा बैठका. अस्मिता समजावून सांगेल.”

मी समजावून सांगितलं. फार छान सांगितलं. कुठलीही समजूत मनात जागी केली की ती काही तास ओल्या गिलाव्यासारखी असते, मग पुन्हा घट्ट होते. ती ओली असताना टोपड्यातून चुंबकाचे बारीक ठोके दिले की घट्ट होताना ती जरा पातळ होते. दुखत नाही, आठवण पुसत नाही, फक्त तिची धार जाते. अण्णा ऐकत होते, कप दोन्ही हातांत धरून.

“म्हणजे भीती जाईल,” ते म्हणाले.

“हो.”

“मग माझ्याकडं राहील काय?”

“झोप राहील की अण्णा. बावीस वर्षांत तुम्ही एक दिवस तरी निवांत झोपलाय का?”

ते हसले. म्हणाले, त्रिशलाला विचारतो.

दुसऱ्या दिवशी त्रिशलावहिनी स्वतःच केंद्रावर आल्या, गुडघा धरत. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेत, त्यातल्या उजव्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढं ढकललं होतं. कारण ऑपरेशन झालं की घरी दुखण्याचं इंजेक्शन येणार, आणि त्या घरात डोकेदुखीची गोळीसुद्धा येत नाही. मुलगी झाली तेव्हासुद्धा त्या टाके सुकेपर्यंत बहिणीकडं राहिल्या होत्या.

“अस्मिता, हे बरे झालेत असं तुझं यंत्र म्हणेल ना?” त्यांनी विचारलं. “मग करून टाक बाई. मला माझ्या घरात, माझ्या कॉटवर आजारी पडायचंय. आणि एकदा ह्यांच्याबरोबर त्या सरळ रस्त्यानं चालायचंय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी गावच्या पेठेत नवऱ्याबरोबर गेले नाही.”

हे ऐकल्यावर मला शंका उरली नाही.

कोर्स सुरू झाला. अठ्ठ्याऐंशीचे एकाहत्तर झाले, मग त्रेपन्न, मग अडतीस. चौदाव्या बैठकीला आकडा चौदावर आला आणि तिथं थांबला. शेवंताबाईंनी शिरा केला.

अण्णा बदलले ते चांगलेच बदलले, मला त्यात तेव्हा काही खोट दिसली नाही. वजन वाढलं. कामात गुणगुणायला लागले. रोज नऊच्या पुढं पोचणारे अण्णा एके दिवशी पावणेनऊलाच आले तेव्हा मला वाटलं घड्याळ बिघडलं. “सरळ आलो,” ते म्हणाले. “अकरा मिनिटं. उगीच तंगड्या तोडत होतो.” त्या रविवारी ते दोघं पेठेतून चालत गेले, आइस्क्रीम खाल्लं, वहिनींनी त्याचा फोटो मला पाठवला. फोटोत मागं तीन मेडिकलच्या पाट्या होत्या. मी तो फोटो आठल्ये मॅडमना दाखवला आणि त्यांनी तो मंडळाला पाठवला.

फक्त सकाळची बैठक बिघडली. ‘आज सकाळीही मी कच्चाच आहे’ हे वाक्य अण्णांनी सोडून दिलं, कारण ते आता खरं नव्हतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नाही. त्याऐवजी ते रोग्यांना सांगायचे, तलफ ही लाट आहे, येते आणि जाते, मन खंबीर ठेवा. सगळं बरोबर होतं. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यांतही तेच लिहिलंय. तो बावन्नवाला ट्रकड्रायव्हर मला एकदा म्हणाला, “मॅडम, अण्णा हल्ली आमच्यातले वाटत नाहीत. डॉक्टर झाले.” मी त्याला म्हटलं, तू तुझं बघ.

मार्चमध्ये वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी घरी सोडलं, आणि सोबत दहा दिवसांची इंजेक्शनं दिली. दवाखान्याची नर्स रोज येणार होती. अण्णा म्हणाले, नर्स कशाला? आपला हात हलका आहे, हजारांनी टोचलीत. दवाखान्यानं त्यांची नोंद तपासली, धारणांक चौदा, आणि परवानगी दिली. रिकाम्या अँप्यूल मोजून परत करायच्या एवढीच अट होती. त्या मोजून परत येत होत्या आणि सगळ्या रिकाम्या होत्या.

सातव्या दिवशी मी मोसंबी घेऊन भेटायला गेले. मार्चचं मिरजेतलं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको, आणि अण्णा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, बटणं लावून बसले होते. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. अंधारलेल्या खोलीतसुद्धा बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या. मी नऊ वर्षं या कामात आहे. मला पुढचं काही विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

“अण्णा, घेतलंत?”

“उरलेलं,” ते म्हणाले. आवाज साधा, जसं कुणी उरलेली भाजी खाल्ली म्हणून सांगेल. “चार-पाच वेळा. टाकून द्यायचं जिवावर येतं गं. तू घाबरू नकोस, मला थांबता येतं. दहा दिवसांचंच तर आहे.”

आतून वहिनींनी हाक मारली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांचा चेहरा काळवंडला होता, ओठ चावून चावून सोलले होते.

“डॉक्टर म्हणाले होते तिसऱ्या दिवसापासून कमी होईल,” त्या म्हणाल्या. “माझं वाढतच चाललंय. मी ह्यांना काही बोलत नाही. बिचारे किती जपतात, वेळेवर टोचतात. माझंच शरीर नाटकी.”

मला कळलं. हल्ली एका अँप्यूलमध्ये एका माणसापुरतंच असतं. अर्धं वहिनींना मिळत होतं आणि अर्धं उरत होतं.

पूर्वीच्या वहिनींना नवऱ्याच्या चपला काढायच्या आवाजावरून समजायचं. त्यांनीच मला सांगितलं होतं, बावीस वर्षं त्या दाराशी कान देऊन बसायच्या. चौदा आकडा आल्यावर त्यांनी कान काढून घेतला. तो काढून घ्यायला मीच सांगितलं होतं.

मी अण्णांना केंद्रावर नेलं. टोपडं चढवलं, मुद्दाम. शरीरात औषध असताना चाळीस वाक्यं ऐकवली. ‘तलफ आली की ती आवरणं माझ्या हातात नसतं.’ मेंदू अडखळला, जोरात. त्याला ते चहातल्या मिठासारखं वाटलं. बारा मिनिटांनी पडद्यावर हिरवा चौदा आला. माणूस खोटं बोलत नव्हता आणि यंत्र बिघडलेलं नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिले आणि मला रडू आलं, ते मी थांबवलं नाही.

मग मी त्यांना वहिनींचं सांगितलं. अर्धं आणि अर्धं.

अण्णांनी स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघितले. “मला आत्ता भीती वाटायला हवी ना?” ते म्हणाले. “कळतंय मला, अस्मिता. हिशेब कळतोय. तिचे हाल कळतायत. पण आत काही हलत नाही. मी उद्याही तेच करीन आणि मला वाटेल की मी थांबू शकतो. ते परत बसव.”

“काय?”

“जे काढलंस ते.”

मी आठल्ये मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी अण्णांना भरती करून घेतलं आणि वहिनींकडं नर्स पाठवली. मंडळाला पत्र लिहिलं, यंत्र बनवणाऱ्यांना लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. धारणांक कमी करायची पद्धत आहे, वाढवायची नाही, कारण तशी मागणी आजवर कुणी केलेली नाही. पत्राच्या शेवटी होतं की संबंधित व्यक्तीचा धारणांक चौदा असल्यानं तिची कामावरची पात्रता अबाधित आहे.

“हजारो लोकांवर तपासलंय ना हे?” मी मॅडमना विचारलं.

“तपासलंय. आणि बहुतेकांना फायदा होतो, अस्मिता. तो ट्रकड्रायव्हर बघ, बावन्नवरून वीसवर आला, काम करतोय.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जो आपली भीती घेऊन रोज पस्तीस मिनिटं चालतो, त्याचं काय करायचं हे आपण कधी विचारलंच नाही.”

दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो. आम्ही त्याचं फुंकणं हा रोग धरला आणि बरा केला.

तीन आठवड्यांत अण्णांचं शरीर साफ झालं. घरी सोडायच्या दिवशी मी त्यांना न्यायला गेले आणि ते फाटकाशी डावीकडं वळायला लागले तसा त्यांचा दंड धरला. डावीकडं सरळ रस्ता होता.

“इकडून,” मी म्हटलं.

“मला त्या रस्त्याची भीती वाटत नाही.”

“माहितेय. तरी इकडून.”

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला मी त्यांच्या दारात उभी राहायचे. पहिले दोन महिने ते माझ्याबरोबर नुसते चालले, डॉक्टरांनी काढा लिहून दिला म्हणून नाक दाबून प्यावा तसे. कधी वैतागायचे. “हा काय पोरखेळ लावलायस? अकरा मिनिटांत पोचलो असतो.” मी म्हणायचे, चला. मलाही दुसरं काही येत नव्हतं. मनात आशा एवढीच होती की आतलं बाहेर येतं तसं बाहेरचंही कधीतरी आत जात असेल. पाय रोज लांबून जातात म्हटल्यावर डोकं एखाद्या दिवशी विचारील, की का.

सतारमेकर गल्लीत दस्तगीरचाचा ओट्यावर बसून सतारीच्या घोडीची जवारी काढत असायचे. घोडी म्हणजे तारांखालची हाडाची पट्टी. ती अगदी अंदाजानं घासावी लागते तेव्हा सुराला झणकार येतो. चाचांनी अण्णांना बावीस वर्षं रोज येताना बघितलं होतं, आणि मधले सहा महिने न येताना.

“काय मगदूम, रस्ता विसरला होता काय?”

“भीती घासून टाकली चाचा ह्या पोरीनं,” अण्णा म्हणाले. “जरा जास्तच घासली.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. “घासलेलं हाड परत चिकटत नाही, बेटा. मग नवीन घोडी तरी बसवा, नाहीतर वाजवत राहा. वाजवून वाजवून तार आपली जागा आपण करून घेते. वेळ लागतो.”

“किती?”

“ते मी कसं सांगू? किती वाजवणार त्यावर.”

दर महिन्याला मी मापन करत होते. चौदा. चौदा. पुन्हा चौदा. चौथ्या महिन्यात सोळा आला. मी पडद्यावरचं धुकं समजून काच पुसली. पाचव्यात एकवीस. सहाव्यात त्यांनी घरच्या कपाटातली मलमाची ट्यूब स्वतः उचलून शेजारी नेऊन दिली, कुणी न सांगता. सव्वीस. या केंद्रात दुसऱ्या कुणाचा आकडा वाढला की मला झोप येत नाही, आणि इथं मी एकेक अंक वाढल्यावर देवाला हात जोडत होते. आठल्ये मॅडम रोज विचारायच्या नाहीत, पण महिन्याच्या मापनाला येऊन मागं उभ्या राहायच्या.

त्यांना आणि मला दोघींनाही दिसत होतं की हा आकडा कुठं निघालाय. चाळीसपलीकडं अण्णांची बैठक जाणार होती. बावीस वर्षांची बैठक.

जानेवारीत मंडळाकडून समुपदेशकांच्या पात्रतेचं वार्षिक नूतनीकरण होतं. ज्या दिवशी मापन, त्या दिवशीचाच आकडा वर जायचा. आदल्या महिन्यात सदतीस आला होता. त्या सकाळी मी दारात गेले तेव्हा अण्णा आधीच चपला घालून उभे होते. रेल्वे क्वार्टर्सच्या मागं एका घरापुढं कुणीतरी स्पिरिटनं टाकीचं झाकण पुसत होतं, दवाखान्यातला तो वास आला. अण्णा एकदम थांबले. मग त्यांनी दोन्ही तळहात माझ्यापुढं धरले.

“बघ,” ते म्हणाले. “घाम.”

तळहात ओले होते. लॉटरी लागल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. आम्ही दोघं तिथंच, त्या कचराकुंडीशेजारी, हसत उभे राहिलो. मग ते घाईघाईनं रस्ता ओलांडून पलीकडं गेले, वासापासून लांब.

टोपडं चढवलं, बंद बांधले. बारा मिनिटांनी एक्केचाळीस आला.

मॅडम माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांनी हळूच म्हटलं, “पुन्हा घे. दोन-तीन अंकांचा फरक पडतोच. पहिल्यांदाही पडला होता.”

तेव्हा कुंकू पुसून तीन उतरले होते. आज दोनच उतरायला हवे होते. मी अण्णांकडं बघितलं.

“नको,” अण्णा म्हणाले आणि हनुवटीखालचे बंद स्वतःच सोडले. “आला तो खरा. लिही.”

“बैठक जाईल अण्णा.”

“बैठकीसाठीच तर भीती घालवली होती.” त्यांनी खिशातून बैठकीच्या खोलीची किल्ली काढून मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी ती घेतली नाही, म्हणून टेबलावर ठेवली. “बैठकीची मुलं खोलीत जमलीत. आज शेवटचं एक वाक्य बोलून येऊ का? नियमात बसतं का?”

मॅडम म्हणाल्या, “मी नियम बघायला आत जाते. मला दहा मिनिटं लागतील.”

मी दाराशी उभं राहून ऐकलं. तो ट्रकड्रायव्हरही त्या दिवशी आला होता, मागच्या रांगेत बसला होता.

“मी भरतेश मगदूम,” अण्णा म्हणाले. “आज सकाळी मी कच्चा आहे.”

मी एक्केचाळीस लिहिला आणि सही केली.

त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. उजवीकडच्या कोपऱ्यावर त्रिशलावहिनी काठी टेकून उभ्या होत्या. नवीन गुडघा त्यांना अजून त्रास देतो. गोळी घरात येत नाही, त्या गरम पाण्याच्या पिशवीवर भागवतात. घरापासून इथवर लांबच्या रस्त्यानं त्या एकट्या आल्या होत्या, आणि साडी घोट्यापर्यंत धुळीनं भरली होती.

“एक्केचाळीस,” अण्णांनी त्यांना सांगितलं.

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्यांचा तळहात हातात घेतला आणि तो ओला आहे का ते बघितलं. काठी दुसऱ्या हातात घेतली.

“चला,” त्या म्हणाल्या. “लांब जायचंय.”